बोलावण्याआधीची हजेरी

भिवंडीजवळ दापोड्याच्या बाजूला कुठलंही गोदाम फुटलं की पारध्यांच्या वस्तीत त्या दिवशी भाकरी लवकर थापल्या जायच्या. पुरुष अंघोळी करायचे, धुतलेला सदरा घालायचे, फडक्यात भाकर-चटणी बांधून घ्यायचे आणि पोलिसांची गाडी यायच्या आत आपल्या पायांनी चौकीवर जाऊन बसायचे. बोलावलेलं कुणी नसायचं. पण गाडी वस्तीत शिरली की भांडी रस्त्यावर येतात, बायकांच्या ट्रंका उपड्या होतात आणि पोरं पुढे महिनाभर झोपेत दचकतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं. त्यापेक्षा आपणच जाऊन बसावं, दोन शिव्या खाव्यात, संध्याकाळी घरी यावं. या जाण्याला हिरामण काळे हजेरी म्हणायचे. त्यांच्या बापानेही दिली होती, त्यांनीही दिली.

त्यांची सून तुळजा जन्माने पारधीच, पण आश्रमशाळेत आणि वसतिगृहात वाढलेली, बी.ए. झालेली. हजेरीबद्दल तिने ऐकलं होतं, पण घरातून कुणाला तिच्यासाठी निघताना कधी पाहिलं नव्हतं. शिवाय मेघाली झाल्यापासून तिचा जीव टांगणीलाच असायचा. लेकीला साधी शिंक आली तरी ती कपाळाला हात लावून बघायची. रस्त्यावरून ट्रेलर गेला, टेम्पो गेला की नुसत्या आवाजावरून ओळखायची, आणि न ओळखू येणारं इंजिन दाराशी मंद झालं की मेघालीला उचलून पोटाशी धरायची.

त्या सकाळी शेजारची चंद्रा ओरडतच आली. "तुळजे, पलीकडचं मोबाईलचं गोदाम फुटलं गं! शटर पार वाकवून ठेवलंय."

हिरामणनी तोंडातली मिश्री थुंकली. "इशाल, त्यो निळा टी-शर्ट काढ. सदरा घाल."

तुळजाचा नवरा विशाल गळ्यात कामाचं कार्ड अडकवून निघायच्या बेतात होता. दोन गल्ल्या सोडून एका गोदामात तो स्कॅनिंगला होता. दोन वर्षांत एक दिवस लेट मार्क नाही. "बाबा, शिफ्ट हाय माझी."

"ताप आला म्हनून सांग. उद्या जा शिफ्टला."

"मामा," तुळजा मध्येच सासऱ्यांना म्हणाली, "तुम्ही आपणहून जाऊन बसता म्हणूनच त्यांना संशय येतो. काही केलंच नाही तो माणूस कशाला जाईल?"

"केलं न्हाय त्योच जातो, पोरी. केलंय त्यो पळतो."

"पण आता नवे साहेब आलेत. शिकलेले आहेत म्हणतात. मी बोलते त्यांच्याशी. तुमच्याबरोबर मी येते, हे कामावर जाऊ देत."

चंद्राने तोंडाला पदर लावला. "बघा गं बायांनो, आता ग्रॅज्युएट हजेरी!"

विशालने बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि बूट घातले.

चौकीत वस्तीतले सात-आठ जण आधीच भिंतीला टेकून बसले होते. साहेब खरंच तरुण होता. मेघालीला कडेवर पाहून त्याने तुळजाला खुर्ची दिली, पंखा वाढवायला सांगितला. त्याच्या मागे हद्दीचा नकाशा होता. गोदामं निळी, शाळा पिवळ्या, आणि त्यांच्या वस्तीभोवती लाल गोल. गोल जुना होता, शाई फिकी पडली की कुणीतरी वरून परत ओढत असणार.

"आमचा कोणावर राग नाही, ताई," तो म्हणाला. "पण चोरी झाली की सुरुवात कुठून करायची हे ठरलेलं असतं. मी येण्याआधीपासून."

"सुरुवात करा ना, साहेब. माझे मिस्टर रात्रभर घरी होते, आत्ता ड्युटीवर आहेत. गेटवर चेहरा दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. खोटं वाटत असेल तर फोन करून विचारा."

हे वाक्य तिने रस्ताभर मनात घोळवलं होतं. साहेबालाही ते आवडलं. भिंतीशी बसून राहणाऱ्या माणसांची त्याला सवय होती. असं चटकन तपासून मोकळं होता येईल असं कुणी सांगितलं नव्हतं. त्याने तिथल्या तिथे नंबर मिळवून फोन लावला. "विशाल हिरामण काळे, पारधी वस्ती. आहे का कामावर? अच्छा. नाही, नाही, रुटीन चौकशी आहे."

'पारधी वस्ती' हे शब्द तुळजाच्या कानाला खटकले. गोदामात विशालने पत्ता नुसता 'दापोडे' एवढाच दिला होता. पण साहेब हसून म्हणाला, "झालं, तुमचं क्लिअर," आणि तिला वाटलं, जाऊ दे.

हिरामणनाही दुपारच्या आत सोडलं. परतताना ते म्हणाले, "तुजा जमाना येगळा हाय बाय." सासऱ्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. तुळजा ताठ मानेने वस्तीत शिरली.

दारात विशाल बसला होता. गळ्यात कार्ड नव्हतं.

"गेटवर ठेवून घेतलं," तो म्हणाला. "मॅनेजर म्हनला, पोलिसांचा फोन आला, प्रकरण मिटेस्तोवर येऊ नको. दोन वर्सं त्यांच्यासाठी मी नुसता काळे होतो. आज वस्तीपन कळली."

मेघाली बापाकडे झेपावली. त्याने तिला घेतलं, हवेत उडवलं, आणि तिच्या हसण्याआड त्याचं तोंड दिसेनासं झालं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. सासरे म्हणाले तसं झालं असतं तर एक शिफ्ट बुडाली असती, ताप आला म्हणून सांगता आलं असतं. तिने मात्र पोलिसांना फोन करायला सांगितलं होतं, आणि वर त्याबद्दल स्वतःवर खूश झाली होती.

 हिरामणनी बांधून नेलेली भाकर सोडली आणि नातीला तुकडा दिला.

आठवडा सरायच्या आत चोर सापडले. त्याच गोदामाचा रखवालदार आणि माल नेणारा ड्रायव्हर. बातमी मोबाईलवर फिरली, वस्तीने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि विशाल रोज सकाळी तयार होऊन फोनकडे बघत बसू लागला. मॅनेजर फोन उचलत नव्हता.

तुळजाने मेघालीला कडेवर घेतलं. "मामा, चौकीवर चाललेय."

"चोर घावल्यावर?" हिरामण उभेच राहिले. "अगं, चोर घावल्यावर कोन जातं तिथं?"

खरंच, असा रिवाजच नव्हता. तरी ते मागोमाग आले आणि बाहेर पायरीवर बसले.

"आता काय, ताई?" साहेब म्हणाला. "ते मिटलं की."

"तुमचं मिटलं. आमच्यासाठी अजून एक फोन करा."

"काय सांगू फोनवर?"

"की विशाल काळे निर्दोष आहे."

"अहो, तो आरोपीच नव्हता. निर्दोष कसा सांगणार?"

"आरोपी नव्हता तर पहिला फोन कसा केलात?"

"तुम्हीच म्हणालात करा म्हणून."

ते लागलं. तिने मेघालीचं झबलं सारखं केलं, उगाचच. "हो. मीच म्हटलं. चूक झाली माझी. आज परत मीच म्हणतेय."

साहेबाने पेन खाली ठेवलं. मग त्याने मोबाईल टेबलावर ठेवला, स्पीकर लावला. तेवढं त्याचं तिला बरं वाटलं.

"सापडले ना साहेब? वा!" मॅनेजरचा आवाज आला.

"हो. तुमच्याकडचा तो काळे, त्याचा यात काही संबंध नाही. घ्या त्याला कामावर."

"घेतलाच असता. पोरगा चांगला आहे, हात साफ आहे त्याचा स्कॅनरवर. पण साहेब, एक सांगा. उद्या आमच्या लायनीत परत गोदाम फुटलं, तर तुमचा परत त्याच्यासाठी फोन येणार का? मला वर शेटला जवाब द्यावा लागतो."

मेघालीने टेबलावरचा पेपरवेट ओढायला हात लांब केला. तुळजाने तो हात धरला आणि साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिली. एकच शब्द हवा होता. नाही.

"ते त्या वेळी बघू," साहेब म्हणाला.

"मग मीपण त्याच वेळी बघतो साहेब. नमस्कार."

फोन बंद झाला. बाहेर कुणीतरी हवालदाराशी गाडीच्या कागदांवरून घासाघीस करत होतं.

"'नाही' म्हणायचं होतं, साहेब."

"ते माझ्या हातात नाही, ताई." त्याने हे हळू, जवळजवळ अपराधी आवाजात सांगितलं, आणि तिचा त्याच्यावर विश्वास बसला. माणूस वाईट असता तर त्याच्या बदलीची वाट बघता आली असती. हा चांगला होता, आणि उद्या पहाटे शटर वाकलं तर हाच पहिली गाडी त्यांच्या वस्तीत पाठवणार होता. त्याच्या जागी येणाराही पाठवणार होता. मेघालीच्या जन्माआधी ठरलेलं, ती मोठी होईपर्यंत तसंच चालणारं.

"कोणाच्या हातात आहे?"

"अहो, ते वर. डीसीपी ऑफिस, आयुक्तालय... सगळ्या हद्दींना तोच नियम आहे."

"डीसीपी ऑफिस भिवंडीत आहे ना?"

"तुम्ही तिथे जाणार? या लेकराला घेऊन?"

तुळजाला तिथे जायचं नव्हतं. घरी जायचं होतं, दार लावून मेघालीला झोपवायचं होतं. पण घरी विशाल बूट घालून बसलेला होता.

"हो," ती म्हणाली. "काय विचारायचं ते मला कळलंय आता. चोरी झाली की सुरुवात आमच्याच वस्तीपासून का."

पायरीवर हिरामणना आतलं नीट ऐकू आलं नव्हतं. ती बाहेर येताच त्यांनी विचारलं, "मिळालं का पोराचं काम परत?"

"नाही, मामा. भिवंडीला जातेय, मोठ्या ऑफिसात."

"मी न्हाय यायचा तितं. मी चौकीपातुरच."

"नका येऊ. घरी यांना सांगा, उशीर झाला तर मेघालीला दूध पाजून घेईन तिकडेच."

अंजूरकडून भिवंडीला निघालेली एक शेअर रिक्षा थांबली. आत दोन बायका भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या सरकल्या. तुळजा आत बसली. तिने मेघालीला घट्ट धरलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला."