बेबीची नोकरी

बेबी शाळेतून घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलाभोवती बसायला एकही खुर्ची उरली नव्हती. सहाच्या सहा खुर्च्यांचे पाय, पाठी आणि बैठका फरशीवर ओळीने मांडलेल्या होत्या आणि मधोमध बाबा बसले होते. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानामागे.

"बाबा, अहो हे काय केलंत!"

"सांधे ढिले होते. असला माल बाहेर जाता कामा नये," बाबा शांतपणे म्हणाले.

जावईबापू सोफ्यावर घोरत होते. सासऱ्यांवर लक्ष ठेवता ठेवता त्यांचा डोळा लागला होता, त्यात बाबांनी डाव साधला.

बाबा सुतार. खुर्च्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेली, शेवटची वीस हेडमिस्त्री म्हणून. बेबी त्यांची एकुलती एक लेक, त्रेपन्न वर्षांची, गणिताची बाई. घरात मात्र अजून बेबीच. लहानपणी ती हत्यारांजवळ फिरकली की बाबा ओरडायचे, "हात कापशील! जा, अभ्यास कर." तिने केला.

वर्षभरापासून बाबांचं काहीतरी बिनसलं होतं. पक्कड सापडेना तेव्हा त्यांनी सरळ जावयावर आळ घेतला. पुढे ती पिठाच्या डब्यात सापडली, तर "बघा, कुठे लपवली होती यानं!" म्हणून जावयालाच पुन्हा बोलणी. दुपारचे चार वाजले की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. बूट चढवून दाराशी उभे. "पाळी सुरू झाली, उशीर झाला मला." एकदा बेबी आडवी आली तर त्यांनी हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. त्या दिवशी ती न्हाणीघराचं दार लावून नळ सोडून रडली.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला. "हे बघा, इथे मेंदू आक्रसलाय. नवीन आठवणी जिथे साठतात ती हीच जागा. म्हणून सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही. संशय, चिडचिड, घराबाहेर पडायची घाई हा सगळा आजार आहे, स्वभाव नव्हे. पण हातांची सवय मेंदूत दुसरीकडे असते आणि ती बरीच उशिरापर्यंत टिकते. त्यांना नुसतं अडवून ठेवू नका. काम द्या."

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला बाबा दाराशी गेले, तशी बेबीने मागच्या बाल्कनीचं दार उघडलं. तिथे सुट्या झालेल्या खुर्च्या, सरसाचं भांडं आणि काचपेपर मांडून ठेवला होता. धारेची हत्यारं तिने कुलपात ठेवली होती. लागतील तशी, आपल्या देखत काढायची होती.

"कारखाना इकडे आहे, मिस्त्री."

बाबांनी तिला खालीवर न्याहाळलं. "तू कोण गं?"

बेबीने पदर खोचला. "नवीन कामाला आलेय."

"हात दाखव." तिने दाखवले. "खडूचे हात आहेत. बघू, टिकतेस का."

तिची नोकरी सुरू झाली. खाच वाकडी निघाली की बाबा तिला कामावरून काढून टाकत आणि दहा मिनिटांत विसरून पुन्हा कामाला जुंपत. एका आठवड्यात बेबीची अकरा वेळा हकालपट्टी झाली. जावईबापू चहा घेऊन येत आणि विचारत, "आज आहे का नोकरी?" वाईट दिवसही येत, बाबा एका कोपऱ्यात बसून मेलेल्या भावाला हाका मारत आणि काम तसंच पडून राही. पण चार वाजता बूट घालून दाराशी जाणं जवळपास थांबलं.

महिन्याभराने दोघं पुन्हा दवाखान्यात गेली. बेबी नंबर लावून वळते तो काय, बाबांनी प्रतीक्षागृहातला बाक उलथा केला होता! त्यावर बसलेल्या चौघांना त्यांनी उठवलं होतं आणि प्रत्येकाच्या हाती एकेक पाय दिला होता.

"घट्ट धरा! तुम्ही, टायवाले, झोपलात की काय?" मग त्यांची नजर बेबीवर गेली. "ए पोरी, पाचर कुठाय?"

बेबीने पर्स उपसली, तर तळाशी एक तुटकी लाकडी पट्टी निघाली. ती मोडून तिने तुकडा पुढे केला. बाबांनी तो पेपरवेटने ठोकून बसवला. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"अहो बाई, बघत काय उभ्या राहिलात? हे टोक दाबून धरा," बाबांनी फर्मावलं.

डॉक्टरीणबाईंनी मुकाट्याने टोक धरलं. बाक सुलटा झाला, चौघे बसले आणि तो तसूभरही हलला नाही. टायवाल्याने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. बाबा मान तुकवून ते कौतुक असं घेत होते, जणू रोजचंच.

"औषध आहे तेच चालू ठेवा," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. "आणि आत माझं स्टूलही डुगडुगतंय."

ते स्टूल घरी आलं. या खेपेला बेबीने सगळं काम एकटीने केलं. जुने सांधे फोडले, नवी खाच पाडली, पाय बसवले. बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, अंगठ्याने सांधा चाचपला आणि वर स्वतः बसून दोन हिसके दिले. स्टूल हूं की चूं करेना.

"कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की, मिस्त्री."

बाबांनी जरा विचार केला. "मग येणारच," ते म्हणाले.

बेबीला हसू आवरेना. ती हसतेय म्हणून बाबाही हसायला लागले, कशाला ते न विचारताच. मग ते उठले, बाहीने स्टूल पुसलं आणि तिच्याकडे सरकवलं.

"बस की. केव्हाची उभी आहेस."