आभाळ आल्यास रद्द

मंदा दुर्बिणीला डोळा लावून बाजूला झाली की नेत्रिकेला शेवंतीचा वास यायचा. दिवसभर फुलं खुडलेल्या बोटांचा तो कडवट, हिरवा, काहीसा औषधी गंध कितीही हात धुतले तरी जात नसे, आणि रांगेत तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाला शनीची कडी त्या गंधासकट बघावी लागत. नेत्रिकेवर वाकण्याआधी ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून आपलं तोंड आणि ते लहानसं भिंग दोन्ही त्याखाली झाकून घेई. गावातल्या माणसांना त्यात मर्यादा दिसे. खरं म्हणजे घरातल्या दिव्याचा उजेड डोळ्यांत शिरू नये म्हणून तिने तो उपाय आपला आपणच शोधून काढला होता. पदराखालचा तो हातभर अंधार तिचा एकटीचा असे. तिथे ती बराच वेळ रमे, आणि मागचे लोक कुरकुरत.

नव्वदीच्या अखेरीची ही गोष्ट. दौंडच्या आम्ही काही हौशी मंडळींनी आकाशदर्शनाचा एक गट काढला होता. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत असे आणि बाकीचे बहुतेक रेल्वेतले, त्यामुळे कुणाची रात्रपाळी आणि कुठली अमावस्या यांचा मेळ घालण्यातच माझा अर्धा जीव जाई. जंक्शनच्या दिव्यांनी गावावरचं आकाश केव्हाच फिकट करून टाकलं होतं. म्हणून भीमेचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यातल्या एका उघड्या माळावर आम्ही जाऊ लागलो. माळ मंदाच्या सासऱ्यांचा होता. त्यांना सगळे आप्पा म्हणत. पहिल्या खेपेला ती चहाची किटली घेऊन आली, कपबशा गोळा होईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, “बाई, मी बघू का?” मी जरा त्रासिकपणेच बाजूला झाले. माझा स्वभाव मुळात तिरसट, त्यात रांगेत मध्येच कुणी आलं की तो आणखी बिघडतो. पण ती जी वाकली ती उठेचना, आणि त्या अमावस्येपासून ती आमच्यातलीच झाली.

रात्र तिला नवी नव्हती. शेतीची वीज बहुधा रात्रीच येई. तिचा नवरा बबन मोटार चालू करून देई आणि वाफ्यावाफ्याला पाणी फिरवत, पाटाची दारं धरत मंदा शिवारात उभी राही. पाय गार चिखलात, हातात खोरं, कानांत विहिरीवरच्या मोटारीची अखंड घरघर, आणि वर हेमंतातलं स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखं आकाश: तिच्या पुष्कळशा रात्री अशा गेल्या होत्या. त्या ताऱ्यांची नावं तिला माहीत नव्हती, पण त्यांचं येणं-जाणं अंगवळणी पडलं होतं. मी नावं सांगत गेले. त्यात मृगाशी आमची गाडी अडली. तिच्या घरी मृग म्हणजे जूनचा पाऊस, पेरणीची लगबग. माझा मृग म्हणजे थंडीत पूर्वेला चढणारा चार ताऱ्यांचा देह आणि त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते त्याच्या उजेडात बुडून जातं, म्हणून ज्याच्या नावाचा पाऊस पडतो ते नक्षत्र त्या दिवसांत दिसत नाही, असं मी तिला सविस्तर समजावलं. ती विचारात पडली आणि मग हसली. “म्हंजी आम्ही ज्याला हाका मारतो, तो तवा घरीच नसतो व्हय?”

तिची शेवंती पांढरी होती, दाट पाकळ्यांची, आणि मध्यभागी किंचित हिरवट झाक असलेली. ती सासूबाईंनी माहेरून आणलेली जात होती. सासूबाई वारल्या, शेवंती मागे राहिली. हंगाम संपला की झाडं कापून टाकत. मात्र एका वाफ्यातली मातृझाडं तशीच राखत. उन्हाळाभर त्यांना पाणी देऊन जगवलं की त्यांच्या बुडाशी फुटवे येत, ज्यांना तिकडे काश्या म्हणतात, आणि पावसानंतर त्याच काश्या लावून नवं पीक उभं राही. बी नव्हतं, दुसरीकडे कुठे रोपं नव्हती. तो एक वाफा म्हणजे सगळी शेवंती. मी एकदा नको तितकी काव्यात्म होऊन तिला म्हटलं, तुझा मळा म्हणजे जमिनीवरची आकाशगंगाच की गं. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, “चांदण्या खुडाव्या लागत न्हाईत, बाई.” त्यानंतर मी तिच्यापुढे उपमा द्यायचं सोडून दिलं.

आमच्या कार्यक्रमाची सूचना तीच लिही. दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर तिच्या गोल, जरा डावीकडे कललेल्या अक्षरांत खडूने लिहिलेलं असे: ‘अमावस्येला माळावर आकाशदर्शन. आभाळ आल्यास रद्द.’ आता आम्हां पुस्तकी माणसांना आभाळ म्हणजे आकाशच. तिच्याकडे मात्र आभाळ म्हणजे ढग. आभाळ आलं म्हणजे पाऊस जवळ आला, आभाळ गेलं म्हणजे आशा गेली. मी पहिल्यांदा तो फळा वाचला तेव्हा मला हसू आवरेना. आकाश आल्यास आकाशदर्शन रद्द, असा तो मजकूर मला दिसत होता. गावाला त्याचा अर्थ बरोबर कळत होता. दूध घालायला आलेले लोक तिला चिडवत, “वहिनी, तुमचं रद्दच होऊ द्या म्हंजी झालं.” तीही हसून म्हणे, “व्हय, आन् तुमच्या डेअरीत दुधाऐवजी पाणीच घाला मग.” चांगल्या पावसाच्या वर्षांतली ती थट्टा होती, आणि तिला अजून धार आलेली नव्हती.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. आमच्याकडे तसा पाऊस कमीच; सह्याद्री ओलांडून येणारे ढग शिरूर-दौंडपर्यंत पोचेतो रिकामे झालेले असतात, आणि त्यांच्या सावल्या तेवढ्या माळावरून सरकत जातात. त्यांतल्या पहिल्या वर्षी सावल्याही आल्या नाहीत. मृग गेला, आर्द्रा गेल्या, नुसता वारा अहोरात्र पश्चिमेकडून वाहत राहिला. विहिरीचा तळ उघडा पडला आणि मोटारीची घरघर थांबली. इतकी वर्षं त्या आवाजाच्या पडद्यावर आम्ही गप्पा मारत आलो होतो. तो गेल्यावर माळावरची शांतता अंगावर येऊ लागली. मंदा टँकरच्या पाण्यातून वाचवलेलं, भांड्यांचं, आंघोळीचं, भाजी धुतल्याचं पाणी पातेल्यातून नेऊन त्या एका वाफ्याला घालत होती. बादलीने ओतलं तर वाया जातं म्हणून ती ओंजळीने झाडाच्या बुडाशी सोडायची, आणि ओली बोटं शेवटी पानांवर झटकायची.

एके दिवशी जेवताना आप्पा तिला म्हणाले, “पोरी, त्या फळ्यावरचं पुसून टाक.” रागाने नाही. त्यांना तिचं कौतुक होतं, आणि सून चांदण्या ओळखते हे ते पाहुण्यारावळ्यांत मिरवतही. पण गावात बोलणं सुरू झालं होतं. वर्षानुवर्षं ही बाई भिंतीवर आभाळ नको म्हणून लिहिते, आता ते कशाला येईल, असं लोक म्हणत होते. मंदा उठली, हात धुतले आणि गेली. तिने तो फळा ओल्या फडक्याने नव्हे, कोरड्या हातानेच पुसला. मला हे कळलं तेव्हा मी संतापले. बारावीपर्यंत शिकलेल्या मुलीने असल्या खुळ्या बोलण्याला भीक घालावी याचा मला राग आला, आणि गटातल्या मंडळींपुढे मी बरीच बडबड केली.

जुलैची अमावस्या आली. जुलैमधलं निरभ्र आकाश आमच्या गटाने तोवर कधी पाहिलं नव्हतं. वृश्चिक आणि धनु संध्याकाळी ऐन दक्षिणेला असतात ते दिवस नेमके पावसाचे, त्यामुळे आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग आम्हांला नेहमी ढगांआडच सोडावा लागे. मंदाला त्याची फार हौस होती. “एकदा तरी आख्खा विंचू बघायचा, बाई,” असं ती दर वर्षी म्हणे. मी दुर्बीण घेऊन एसटीने एकटीच गेले. बाकीच्यांना ड्यूट्या होत्या. ती वाफ्याशी होती. काही झाडांच्या बुडाशी अजून हिरवे फुटवे दिसत होते, आणि आषाढ संपायच्या आत एक पाऊस झाला तर ते लावता आले असते.

जेवणं उरकून आम्ही माळावर गेलो. वारा इतका होता की दुर्बीण थरथरत होती. मंदाने दोन्ही हातांनी नळी धरून ठेवली. दक्षिणेला तो विंचू आख्खा पसरलेला होता. ज्येष्ठेचा तांबूस तारा, खाली वळत गेलेली मुळाची नांगी, आणि तिच्या डावीकडे धनूच्या अंगावरून वर चढत गेलेला तो दुधट, दाणेदार, जागोजागी काळे डाग पडलेला प्रवाह. क्षितिजापासून डोक्यापर्यंत ढगाचं एक सूत नव्हतं. माझ्या आयुष्यात मी तसं आकाश त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. मंदाने पदर पुढे ओढला आणि ती वाकली. फार वेळ वाकून होती. पदराखालून तिचे खांदे हलताना दिसले तेव्हा मला वाटलं वाऱ्याने हलताहेत.

“लई देखणं हाय, बाई,” ती आतूनच म्हणाली. “आन् मला ह्याचीच लाज वाटतीय.”

मी तिला समजावू लागले. ढगांना कुणाच्या मनातलं कळत नाही, समुद्रावरचे वारे आणि हवेचे दाब यांचा आणि फळ्याचा काही संबंध नाही, हे मी जसं वर्गात सांगते तसं सांगितलं. ती बाहेर आली. तोंड पदराने पुसलं.

“ढगाला न्हाई कळत, मला ठावं हाय,” ती म्हणाली. “पण मला कळतं की. आत्ता डोळा लावला तवा मनात आलं, बरं झालं आभाळ न्हाई. वाफा मरायला टेकलाय, आन् माझ्या मनात बरं झालं आलं.”

वारे आणि दाब यांनी पाऊस कळतो. तिच्या या वाक्याला ते कुठून पुरे पडणार. तिने दुर्बिणीच्या तोंडावर झाकण बसवलं, खुंटी आवळली आणि माझ्याकडे न बघता घराकडे चालू लागली. तिच्या मागोमाग मी नळी खांद्यावर घेऊन गेले. त्यानंतर तिने कधीही दुर्बिणीला डोळा लावला नाही.

पुष्य कोरडा गेला, आश्लेषा कोरडी गेली. मघांत चार थेंब पडले ते धूळ उडवून गेले. काश्या एकेक करून काळ्या पडल्या. शेवटच्या झाडाला ती महिनाभर पाणी घालत होती, ते मेलंय हे घरातल्या सगळ्यांना दिसत असताना. दुसरा पावसाळाही तसाच गेल्यावर बबन रांजणगावला एका कारखान्यात लागला, आणि दिवाळीच्या आधी मंदाही त्याच्यामागे गेली. आप्पा माळावर एकटे राहिले, आणि वर्षाच्या आत तेही वारले. आमचा गट त्यानंतर हळूहळू विरला. कुणाची बदली झाली, कुणाला नातवंडं झाली, आणि मला एकटीला एसटीत ती नळी चढवणं जड जाऊ लागलं.

दुष्काळाच्या पुढल्याच वर्षी पाऊस झाला. चांगला, सर्वदूर, विहिरी तुडुंब करणारा झाला. मी हुरळून रांजणगावला मंदाकडे गेले. कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती, त्यांतली एक तिची. ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटत होती. हातांना पीठ आणि तेल यांचा वास होता. तिने चहा केला, माझी, शाळेची चौकशी केली. विहिरीला पाणी आलंय, परत या, शेवंती लावा, असं मी म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, “ती जात गेली, बाई.” बाजारात रोपं मिळतात असं मी म्हणायला गेले आणि माझं मलाच ते ऐकवेना.

मला पोचवायला ती रस्त्यापर्यंत आली. अंधार पडायची वेळ होऊन गेली होती, पण तो तिथे पडत नव्हता. उंच खांबांवरचे पिवळे दिवे रस्त्यावर, पत्र्यांवर, उभ्या ट्रकांवर, तिच्या पिठाळ हातांवर एकसारखा उजेड ओतत होते, आणि वर आकाशाच्या जागी नारिंगी धुकट छत होतं, ज्यात एकही तारा नव्हता. मी सवयीने मान वर केली. तिने केली नाही.

“इथं वर काय बी दिसत न्हाई,” ती म्हणाली. “बरं हाय. झोप लागती.”

एसटी आली. खिडकीतून मागे बघितलं तेव्हा ती दिव्याखाली उभी होती, डोक्यावर पदर होता, आणि तो पुढे ओढायचं तिला आता काही कारण उरलं नव्हतं. मी घरी येईपर्यंत रडत होते, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

काळ माणसं नेतो असं आपण म्हणतो. पुष्कळदा तो माणसाला जागच्या जागी ठेवतो आणि त्याच्या डोक्यावरचं आकाश तेवढं काढून नेतो. मग त्या माणसाचं जाणं कुठे नोंदलं जात नाही, त्याचं सुतक कुणी पाळत नाही, आणि आठवण मात्र गेलेल्या माणसाचीच यावी तशी येत राहते. मंदा काही गेलेली नाही. एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर, त्या न विझणाऱ्या उजेडात तिचे दिवस उगवतात आणि मावळतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी एवढं सगळं तिच्याविषयी लिहिताना ‘ती आहे’ असं मला एकदाही लिहिता आलेलं नाही.