फळ्यावरची बरोबरची खूण

मी एक जुना लाकडी कंपास आहे. तुमच्या कंपासपेटीतला चिमुकला नव्हे, तर हातभर लांब, फळ्यावर वर्तुळ काढणारा. माझ्या एका पायाला लोखंडी टोक आहे आणि दुसऱ्याला खडू धरणारी पितळी नळी. सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं आणि माथ्यावर एक स्क्रू पिळला. तो सैल झाला तर वर्तुळाची टोकं जुळत नाहीत, म्हणून त्यातच माझा जीव आहे असं समजा.

मित्रांनो, माझं सारं आयुष्य प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात गेलं. या वर्गाला सगळे विषय एकच सर शिकवत. पाण्याची वाफ कशी होते, खाल्लेलं अन्न कुठे जातं, नकाशावरचं अंतर कसं मोजायचं, सगळं तेच. अपूर्णांक आले की मात्र माझी पाळी येई. सर वर्तुळ काढत, त्याचे भाग पाडून रंगवत आणि म्हणत, "डोळ्यांना पटल्याशिवाय उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही." मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पाहुण्यांना मुद्दाम आमचं वर्तुळ दाखवायला आणत. तेव्हा मी चांगलाच भाव खात असे.

मग एका वर्षी सर माझं टोक टेकवण्याआधी फळा बोटांनी चाचपू लागले. वापरून वापरून फळ्यात मधोमध एक खळगा पडला होता. तो सापडला की त्यांचा हात स्थिर होई. वर्तुळ अजूनही सुरेख येई, पण आधीच्या न पुसलेल्या अक्षरांवर. धडा ते मुलांकडून वाचून घेत आणि समजावत मात्र तोंडपाठ.

हे सगळ्यात आधी एका मुलीच्या लक्षात आलं. ती सारखं काहीतरी विचारत असे, म्हणून सर तिला शंकाबाई म्हणत. मोठ्या शाळेत खरीखुरी प्रयोगशाळा आहे हे ऐकल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. तिचे वडील शिंपी. त्यांनी बजावलं होतं, पास झालीस तर शाळा, नाहीतर उद्यापासून शिलाई मशीन.

मधल्या सुट्टीत तिने सगळ्यांना जवळ बोलावलं. "मोठ्या बाईंना कळलं तर सरांना घरी बसवतील. कुणी तोंड उघडायचं नाही."

"मी तर मुळीच उघडणार नाही," शेवटच्या बाकावरचा ढोल्या म्हणाला. "माझ्या गणिताला जन्मात पहिल्यांदा बरोबरची खूण मिळालीये."

सगळे हसले, आणि विचार करायचा तो हसण्यात राहून गेला. त्यानंतर मोठ्या बाईंची चाहूल लागली की कुणीतरी खोकायचं. सरांच्या हातून खडू पडला की वाकायच्या आत कुणीतरी तो हातात द्यायचं. सरांना ते कळत असावं. त्यांनीही कधी विषय काढला नाही.

सर मुलांना फळ्यावर गणितं सोडवायला लावत. अर्धा अधिक एक तृतीयांश. शंकाबाईने वरचे आकडे मिळवले, खालचेही मिळवले आणि लिहिलं, दोन पंचमांश. सर जवळ गेले, त्या पांढुरक्या ओळीकडे बघत उभे राहिले आणि खाली भलीमोठी बरोबरची खूण केली. मी टेबलावरून बघत होतो. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं! एका वर्तुळात हे दिसलं असतं, पण मला तोंड नाही. ती वर्गातली हुशार, म्हणून सगळा वर्ग तसंच करू लागला. सरांना दिसत नाही हे मुलांनी साऱ्या शाळेपासून लपवलं, आणि ती खूण बघताना मात्र मुलं ते स्वतःच विसरली.

वार्षिक परीक्षेचे पेपर दुसऱ्या शाळेत तपासले गेले आणि जवळजवळ सगळा वर्ग गणितात आपटला. शंकाबाईसुद्धा.

सरांनी तिला तेच गणित तोंडी सोडवायला सांगितलं. तिने पुन्हा वरचे आणि खालचे आकडे मिळवून दोन पंचमांश सांगितलं. 

"असं करायला तुला कुणी शिकवलं?"

"फळ्यावर असंच केलं होतं, सर. तुम्ही बरोबरची खूण केली होतीत."

सरांनी मला उचललं. त्या दिवशी त्यांना खळगा सापडेना. शेवटी तिनेच त्यांचा हात धरून माझं टोक जागेवर टेकवलं. वर्तुळ निघालं. तिने अर्धा भाग रंगवला, त्यापुढे एक तृतीयांश, आणि थांबली. "कळलं," ती म्हणाली आणि रडू लागली.

दाखला न्यायला तिचे वडील आले. तिला आणखी एक वर्ष द्या, पोरगी हुशार आहे, मी शिकवीन, असं सर परोपरीने सांगत होते. वडिलांनी आवाज चढवला नाही. "हे वर्षभर तुम्हीच शिकवत होतात ना, सर?" एवढंच म्हणाले.  ती वडिलांच्या मागोमाग निघून गेली, ती पुन्हा शाळेत दिसली नाही.

सरांनी नोकरी सोडली. डोळ्यांत मोतीबिंदू होता म्हणे, छोट्याशा शस्त्रक्रियेचं काम. नंतर एकदा ते शाळेत आले आणि दारातूनच फळ्यावरचं बारीक अक्षर वाचून गेले. नव्या बाई त्यांचं अभिनंदन करत होत्या. सर खाली बघत होते.

मित्रांनो, आता मी कपाटामागे पडून आहे. स्क्रू गंजलाय, नळीत कोळ्याने जाळं केलंय. मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. पण तुमच्या वर्गात कुणाला फळा दिसत नसेल, मग ते माणूस बाकावर बसलेलं असो की खडू घेऊन उभं, तर ते आजच सांगा. त्याच्यावर तुमची माया असेल, तर सगळ्यात आधी सांगा.