तीन शेपट्यांची वायर

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. माझ्या एका टोकाला मोबाईलमध्ये घालायची पिन आहे आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी, लाल अशा तीन शेपट्या. या शेपट्या टीव्हीच्या पाठीत खोचल्या की मोबाईलमधले चित्र टीव्हीवर दिसते. माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. मला कळू लागले तेव्हा मी एका नव्या मोबाईलच्या खोक्यात घडी होऊन पडले होते, आणि ते खोके मीरा रोडच्या पेणकरपाड्यात अमोलच्या घरी आले होते.

अमोल जवळच्याच हाटकेश भागातल्या एका कारखान्यात मशीन चालवायचा. मोबाईल त्याने हौसेने घेतला, पण माझे काय करायचे हे त्याला उमगले नाही. मी कपाटात पडून राहिले. मग गणपतीत तो रायगडातल्या आपल्या गावी गेला आणि आरतीचा व्हिडिओ काढून आला. त्याच्या आईला, विमलाबाईंना, मोतीबिंदू होता.

"एवढ्याशा काचेत मला काय दिसणार, कपाळ!" त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझे नशीब उघडले. गावचा गणपती टीव्हीवर दिसला तशी विमलाबाईंनी बसल्या जागेवरून हात जोडले. शेजारची वैजयंताही बघायला आली. त्या दिवशी माझा भाव काय वधारला म्हणता!

खंडेनवमीला तर कहरच झाला. त्या दिवशी घरोघरी कामाची हत्यारे पुजतात. विळी, शिलाई मशीन, अमोलचे पाने यांच्या पंगतीत विमलाबाईंनी मलाही पाटावर बसवले. पिवळी शेपटी हळदीच्या रंगाची, म्हणून मान तिचा! तिला ओले हळदकुंकू लागले, वर अक्षता पडल्या. मी फुगून टम्म झाले. पूजा आटोपल्यावर अमोलची बायको वासंती हिने मला तसेच गुंडाळून खणात ठेवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विमलाबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. त्याच सुमारास त्यांची लेक मनोरमा अलिबागला दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, पण अगदी नाजूक. डॉक्टरांनी तिला काचेच्या पेटीत ठेवले होते.

"आई, बाळ बरंय," अमोल सांगायचा. विमलाबाईंचा विश्वास बसत नव्हता. मनोरमाचे पहिले बाळ गेले, तेव्हाही घरच्यांनी 'सगळं ठीक आहे' म्हणत त्यांच्यापासून ते लपवले होते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी अन्न टाकले. वासंतीने केलेली पेज तशीच निवून जायची.

"मला तिकडं न्या, नाहीतर पोर दाखवा," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

शेवटी अमोल अलिबागला जाऊन बाळाचा व्हिडिओ घेऊन आला. चपला काढल्या न काढल्या तोच त्याने मला जोडले. टीव्हीतून बाळाचे रडणे ऐकू आले. पडदा मात्र काळाच!

विमलाबाईंचा चेहरा उतरला. "आवाज काय, कुणाच्याही पोराचा ऐकवशील. खरं सांग अमोल, पोर आहे ना?"

"आहे गं आई! थांब ना, लावतोय."

अमोल घामाघूम झाला. त्याने रिमोटवरची सगळी बटणे दाबली. मोबाईलची सेटिंग बदलली, परत जागेवर आणली. दोन्ही बंद करून पुन्हा चालू केले. पिवळी शेपटी काढली, खोचली, परत काढली. मग मला खिशात कोंबून तो नाक्यावरच्या मोबाईलवाल्याकडे धावला. त्याने मला इकडून तिकडे वाकवून पाहिले.

"अंदर से टूट गया होगा, अमोलभाई. फेंक दो. नया कल मंगवा दूँगा."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी धडधाकट होते हो! पण वायरीला तोंड कुठले?

घरी येऊन अमोल म्हणाला, "आई, ही वायर गेली. टाकून देतो, उद्या नवीन आणतो."

"उद्याबिद्या काय नको. आण ती इकडं."

विमलाबाईंनी मला मांडीवर घेतले. नीट दिसत नव्हते, म्हणून त्या बोटांनी चाचपत गेल्या. लाल झाली, पांढरी झाली. पिवळीच्या तोंडाशी बोट थांबले. जन्मभर सुपातले तांदूळ निवडलेली बोटे ती!

"वासंती, हिच्यात तांदूळ अडकलाय गं."

"वायरीत कसा येईल तांदूळ, आई?"

"मीच घातला की! खंडेनवमीची अक्षता. कुंकवात रुतून बसलीय बघ."

वासंतीने केसांतला आकडा काढून तो दाणा उकरला. वाळलेले कुंकू खरवडले, कोरड्या फडक्याने मला लख्ख पुसले. त्या दाण्यामुळे पिवळी शेपटी टीव्हीत पुरती बसतच नव्हती. आता ती बसली.

पडदा उजळला. मुठी आवळून रडणारे बाळ दिसले. रडता रडता ते थांबले आणि त्याने भलीमोठी जांभई दिली. मग पेटीच्या गोल खिडकीतून एक हात आत आला आणि बाळाने त्याचे बोट घट्ट धरले. त्या हाताच्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण होती.

"मनोरमाचा हात!" विमलाबाई ओरडल्या. "माझ्याच चुलीवर भाजला होता. पोर आहे गं वासंती, पोर आहे!"

त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. अमोलने कपाळावरचा घाम पुसला. माझाही जीव भांड्यात पडला. व्हिडिओ पुन्हा लावायला सांगून विमलाबाई म्हणाल्या, "पेज आहे का गं थोडी? भूक लागलीय."

मित्रांनो, आम्हा वस्तूंचा मान करा, आम्हाला तो आवडतो. पण मान झाला की आम्हाला पुसून, कोरडे करून ठेवा. आणि आम्ही बंद पडलो तर फेकण्याआधी एकदा हातात घेऊन नीट चाचपा. त्या दिवशी मी कचऱ्यात गेले असते, तर एका आजीने जिवंत नातीसाठी रात्रभर शोक केला असता.