कूड

मिस्त्रींच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडाला पाझर फोडायचा, असं त्यांच्या कारखान्यातले कारागीर म्हणत. कारखाना दारं-खिडक्यांचा. झडप चौकटीत नीट बसली, तर मिस्त्री एकदा "हं" म्हणत. नाही बसली तर काहीच म्हणत नसत, आणि कारागिराला धास्ती असायची ती त्या गप्प राहण्याची. थोरली मुलगी त्यांच्याच हाताखाली काम शिकली होती आणि आता कारखाना तीच सांभाळत होती. वडील रागावलेत, खूश आहेत की नुसते दमलेत, हे तिला त्यांच्या पाठीकडे बघून कळायचं. बोलण्यावरून कळायची सोयच नव्हती.

असे हे मिस्त्री एका सकाळी रंध्याच्या यंत्रापाशी उभ्याउभ्या कोसळले. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलात शुद्धीवर आले तेव्हा डोळे उघडून बोलायला लागले, आणि थांबेचनात. जन्मभराचं साठलेलं जणू बाहेर पडत होतं. पण त्यातलं कुणाला अक्षर कळेना.

"असंबद्ध बोलतायत. मेंदूच्या ज्या भागात भाषा असते, तिथेच मार बसलाय. असं होतं कधीकधी," सिस्टर समजुतीच्या स्वरात म्हणाल्या.

थोरलीने कान देऊन ऐकलं. एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. जनेल. जनेल उगड. तो म्हणताना त्यांचा डावा हात उठायचा आणि पलंगाच्या कठड्यावर आपटायचा.

"जनेल कोण गं?" धाकट्या भावाने तिच्या कानाशी लागून विचारलं. "बाबांची कुणी जुनी ओळख? आईला ठाऊक होतं?"

"गप बस," ती म्हणाली. पण क्षणभर तिच्याही मनात तेच येऊन गेलं होतं, म्हणून जास्तच चिडली.

संध्याकाळी डबा धुताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांची भाषा कोंकणी. घरात मात्र आईची मराठी चालायची. कोंकणी त्यांनी कधी उच्चारली नव्हती. लहानपणी तिने एकदा हट्ट धरला होता, तुमच्या भाषेत काहीतरी बोला ना. "विसरलो," एवढं म्हणून ते उठून गेले होते. आता मराठी विसरले होते आणि तीच विसरलेली भाषा राहिली होती.

ती जाणणारं जवळचं असं एकच माणूस होतं. आत्या. बाबांची थोरली बहीण. आजी गेल्यापासून बहीणभावंडांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. कारण विचारायची कुणाची छाती नव्हती. आई होती तोवर तीच गुपचूप फोन करून आत्याची खुशाली विचारायची. थोरलीने तो नंबर शोधून काढला.

आत्या दुसऱ्या दिवशी बसने आली. हातात एक पिशवी, पायात कापडी बूट. जन्मभर शाळेत भाषा शिकवली आणि उरलेल्या वेळात रोजच्या वापरातले कोंकणी शब्द मुळात कुठले, याचा पिच्छा पुरवला. म्हणून घरात तिचं नाव शब्दआत्या. आई हसून म्हणायची, तिच्याकडे पाणी मागू नये. ते कुठून आलं हे सांगेपर्यंत माणूस तहानेने जायचा.

वॉर्डात शिरून ती पलंगापाशी उभी राहिली.

"आयल्यां हांव," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान वळवली. बराच वेळ बघत राहिले. मग स्पष्ट शब्दांत म्हणाले, "कित्याक?"

आत्याला हसू फुटलं, आणि हसताहसताच तिने पदराने डोळे टिपले. "मी आले म्हटलं, तर 'कशाला' म्हणून विचारतोय. डोकं अगदी ठिकाणावर आहे याचं."

तेवढ्यात त्यांनी पुन्हा कठड्यावर हात आपटला. जनेल उगड.

"अगं, खिडकी!" आत्या थोरलीकडे वळली. "खिडकी उघड म्हणतोय. जन्मभर लोकांना खिडक्या करून दिल्या त्याने, आणि तुम्ही त्याला एक उघडून देत नाही?"

धाकट्याने धावत जाऊन खिडकी उघडली. रस्त्यावरचा आवाज आणि वारा एकदमच आत आला. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि शुद्धीवर आल्यापासून पहिल्यांदा शांत झोपले. थोरली भिंतीला टेकून उभी राहिली. तिला रडू येत होतं ते दुःखाचं की शरमेचं, तिचं तिलाच कळेना.

आता आत्या उशाशी बसेल आणि सगळं समजावून सांगेल, असं तिने गृहीत धरलं होतं. आत्याने ते साफ नाकारलं.

"मी काय जन्माला पुरणार आहे? शीक."

"या वयात नवीन भाषा?"

"नवीन कसली? अर्धी तुला येतेच. तुला ठाऊक नाही एवढंच."

कॅन्टीनच्या पत्र्याच्या टेबलाशी, चहाच्या दोन कपांवर त्यांची शाळा भरायला लागली. आत्याने आधी सामानसुमान घेतलं. जनेल, बसायचं कदेल, जेवायचं मेज. हे सगळं पोर्तुगीज जहाजांतून उतरलेलं. "आणि हसू नकोस. तुझ्या कारखान्यातली बिजागरी त्याच जहाजातून आली, चावीसुद्धा. तुम्ही त्यांना घरजावई करून घेतलंत, आता मूळ गाव कुणी विचारत नाही."

मग घरचे शब्द निघाले. उदक तर तिला माहीतच होतं. न्हीद म्हणजे निद्रा. पळे म्हणजे बघ, ते 'प्रलोक'मधून आलं. उलय म्हणजे बोल. 'उल्लाप' म्हणून जुना शब्द आहे, त्याचा तो नातू. मोग म्हणजे माया, प्रेम, आणि तो आला मोहातून.

"आणि हांव?"

"हांव म्हणजे मी. संस्कृतातला 'अहम्'. लोकांच्या तोंडात शेकडो वर्षं झिजला, त्यातला ताठा गेला आणि हांव उरला."

थोरलीला हे आवडायला लागलं होतं. लाकडावरचा जुना रंग खरवडला की खालचा पोत दिसतो, तसं तिला वाटलं. वॉर्डात जाऊन ती भीतभीत म्हणायची, "बाबा, उदक जाय?" पाणी हवं का? बाबा तिच्याकडे टक लावून बघायचे. मग म्हणायचे, "जाय." एवढ्याने तिचा दिवस चांगला जायचा.

एक दिवस तिने धीर करून विचारलं, "आत्या, बाबांनी भाषा का टाकली?"

आत्याने कप खाली ठेवला. "आमची आई शेवटची आजारी होती तेव्हा मी तिच्याजवळ बसून शब्द विचारायचे. याला तू काय म्हणतेस, तुझी आजी काय म्हणायची. तुझ्या बापाला ते सहन झालं नाही. 'आई मरतेय आणि तू तिची झडती घेतेस?' म्हणाला. ती गेल्यावर तो बाहेर पडला, तो माझ्याशी बोलला नाही आणि त्या भाषेतही बोलला नाही."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"त्याचं वाटलं. विचारल्याचं नाही वाटलं. आईला दुखत असायचं, तेवढ्या वेळात ती दुखणं विसरायची. हसायची. तो यायचा तेव्हा ती थकून झोपलेली असायची. त्याने तेवढंच बघितलं."

पुढच्या आठवड्यात मिस्त्रींची तब्येत पुन्हा ढासळली. डॉक्टरांनी मुलांना बोलावून घेतलं आणि काही न लपवता सांगितलं. मेंदूत पुन्हा रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन करता येईल, पण त्यातून उठले तरी बहुधा अंथरुणावरच राहतील, बोलणंही कदाचित जाईल. नाही केलं तर थोडे दिवस, फार तर काही आठवडे. "त्यांना स्वतःला काय हवंय, काही कळतंय का?" त्यांनी विचारलं.

कळत होतं आणि कळत नव्हतं. कारण सकाळपासून मिस्त्री एकच वाक्य म्हणत होते. हांव कूड सोडटां. ते ऐकल्यावर आत्या बाहेर जाऊन बाकावर बसली होती.

"कूड सोडतोय, म्हणजे काय सोडतायत?" धाकट्याने विचारलं. "कुडाची भिंत असते, ती का?"

"कूड म्हणजे खोली," आत्या म्हणाली.

"मग झालं. हॉस्पिटलचा कंटाळा आलाय त्यांना. कुणाला नाही येत?"

"आणि कूड म्हणजे शरीर."

शेजारून औषधांची गाडी खडखडत गेली.

"तुम्ही मराठीत म्हणता ना, कुडीत जीव आहे तोवर. तीच कुडी," आत्या म्हणाली. "कुणी म्हणतं दोन्ही एकाच कुटीतून निघाले. खोली काय, देह काय, आत राहणाऱ्याला दोन्ही झोपडीच. कुणी म्हणतं शब्द वेगळे होते, झिजून सारखे झाले. इतकी वर्षं मी यावर वाद घातला. पण शब्द कुठून आला ते मी सांगेन, माझा भाऊ कुठे निघालाय ते मला नाही सांगता येत."

"मग ऑपरेशन करायचं," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "एका शब्दावरून तू बाबांना मरू देणार आहेस का, ताई?"

"मी काही ठरवलेलं नाही."

"तुझ्या तोंडावर दिसतंय!"

"पुरे," आत्या म्हणाली. "भांडायला जन्म पडलाय. त्यालाच विचारा. आणि मी विचारणार नाही. मी विचारलं तर मला जे हवं तेच ऐकू येईल." तिने थोरलीच्या हातावर हात ठेवला. "तू विचार. चुकलीस तरी चालेल, त्याला कळेल."

थोरली आत गेली. धाकटा पायथ्याशी उभा राहिला. तिने खुर्ची ओढून घेतली, बाबांचा डावा हात हातात घेतला. हाताला अजून घट्टे होते.

"बाबा," ती म्हणाली, "खंयची कूड?" कुठली कूड?

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते नवल. "उलय," ते म्हणाले. बोल, अजून बोल.

"खंयची कूड सोडटात, बाबा?"

त्यांनी हात सोडवून घेतला. बोटांच्या पेरांनी पलंगामागच्या भिंतीवर टकटक केलं. दाराची फळी पोकळ आहे का हे ते तसंच बघत. "ही," ते म्हणाले. मग तोच हात हळूहळू आणून त्यांनी आपल्या छातीवर ठेवला. "हीय."

हीसुद्धा.

ती काही बोलायच्या आत त्यांनी पुन्हा भिंतीला हात लावला आणि अवघड काम समजावताना करत तशी मान डोलावली. "पयलीं ही." आधी ही.

"घरा वचूंया?" तिने विचारलं. घरी जाऊ या?

"घरा," ते म्हणाले.

"आणि ऑपरेशन, बाबा?" शब्द सापडेना, म्हणून तिने मराठीतच विचारलं.

"नाका."

नाका आणि नको यांत फारसं अंतर नव्हतं. धाकट्याला कुणी सांगावं लागलं नाही. तो दोन्ही हातांनी पलंगाची दांडी धरून उभा होता. थोड्या वेळाने वडिलांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाला, "मी गाडीचं बघतो."

मिस्त्रींना कारखान्यामागच्या खोलीत ठेवलं. तिथे भुशाचा वास यायचा आणि दिवसभर करवतीचा आवाज. कारागिरांना थोरलीने काम बंद ठेवू का म्हणून विचारलं, तेव्हा वडील आतून ओरडले, ते शिवीसारखं ऐकू आलं. काम चालू राहिलं. धाकटा रोज संध्याकाळी येऊन त्यांची दाढी करायचा. आत्या राहिलीच.

पहिले दिवस ती दोघं भांडली. काय भांडत होती ते थोरलीला अर्धंमुर्धं कळे. आजीचा विषय होता, एवढं नक्की. मग भांडण दमलं. एका दुपारी थोरली शेजारच्या खोलीत दाराला कडी बसवत असताना बाबांचं तुटक बोलणं तिच्या कानावर आलं. आजी आत्याला हसून शब्द सांगायची, ते त्यांना दाराबाहेरून ऐकू यायचं. आपण आत गेलो की आजी हसायची नाही. हेच त्यांना सोसलं नव्हतं.

आत्या म्हणाली, "वेडो." वेडा रे वेडा. थोरली हातातला पेचकस तसाच धरून उभी होती. मधे काही न विचारता आपल्याला सगळं समजलं, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

शेवट तसा सोपा झाला. भर दुपारी श्वास संथ होत गेला. थोरलीने धाकट्याला फोन करून बोलावलं, तो वेळेत पोचला. आत्याने ओल्या फडक्याने भावाचा चेहरा पुसला, केस मागे सारले, आणि त्याच्या कानाशी वाकून लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाली, "वच बाबू. वच."

थोड्या वेळाने ते गेले.

"काय म्हणाली आत्या?" धाकट्याने हळूच विचारलं.

"जा म्हणाली," थोरलीने सांगितलं.

मग ती उठली आणि यंत्रं थांबवायला कारखान्यात गेली.