सत्तावीस नंबरचा हिरवा दिवा

धानाची कापणी आटोपली की बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, मोकळ्या होतात आणि माणसंही. १९८३ सालच्या हिवाळ्यात कोंढ्याच्या शिवारातल्या अशाच मोकळ्या बांध्यांमध्ये दर गुरुवारी बैलगाड्यांची दाटी होऊ लागली. पवनीहून व्यापारी येत, नदीकाठचे मासे धरणारे ढीवर येत, लेकरं काखेत घेऊन बाया येत. सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर. फलकबाबांचा फलक!

फलक होताही पाहण्यासारखा. मोठी लाकडी पाटी, तिच्यावर नंबरांच्या रांगा आणि प्रत्येक नंबरापुढे दोन बल्ब, एक लाल, एक हिरवा. नव्या रोग्याला नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला मिळे. तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा. रोग अंगात असेतो लाल दिवा. रोग गेला की दिवा आपोआप हिरवा! पाटीवर नावं नव्हती. रोग्याची अब्रू झाकलेली राहावी, ही बाबांची दयाळू दृष्टी.

पाटीशेजारी बांबूला कापड ताणलेलं होतं. बऱ्या झालेल्यांची संख्या दाखवणारी शेंदराची रेघ त्यावर दर गुरुवारी वर ओढली जाई. ती कधी खाली आली नाही. येणार कशी? एकदा हिरवा झालेला दिवा पुन्हा लाल होत नसे. संक्रांतीच्या सुमाराला रेघ कापडाच्या टोकाला टेकली, तेव्हा भक्तांनी वर आणखी एक कापड जोडलं. रोग हटत होते की नाही ते देव जाणे, कापड मात्र वाढत होतं.

वीज गेली की सगळेच दिवे विझत. त्या वेळी बाबांना समाधी लागे. वीज आली की समाधी उतरे.

"अमेरिकेतबी असा फलक नाही!" एका गुरुवारी भोंग्यावरून बाबांचा चेला बाबूलाल गर्जत होता. पूर्वी तो लग्नाच्या मांडवांत रोषणाई करायचा. "डॉक्टर नाडी पायते, बाबा नशीब पायतेत! पण ध्यानात ठेवा, ज्यानं दवाखान्याची गोळी घेतली, त्याच्यावर फलक रुसते!"

गर्दीत फकिरा बसला होता. तलावात जाळं टाकणारा, एके काळचा दणकट गडी. त्याला क्षय झाला होता. पवनीच्या दवाखान्यात सुई-गोळ्या सुरू होत्या, जरा अंग धरू लागलं होतं, तोच बाबांचा बिल्ला गळ्यात पडला आणि गोळ्या बंद झाल्या. आता थुंकीत रक्त दिसत होतं. गावचे टेकचंद गुरुजी त्या दिवशी मुद्दाम सोबत आले होते.

"फकिरा, येथूनच पवनीची गाडी पकडू. चाल."

"काहून जी गुरुजी? एकदोन गुरुवारात माहा दिवा हिरवा होते. मंग सुई कायले टोचून घेऊ?"

"अन् नाही झाला तं?"

"पाहा ना, किती हिरवे होऊन राहिले! सगळे का लबाड हायेत?"

गुरुजींनी पाटीकडे पाहिलं. दिवे खरोखरच हिरवे होते.

इतक्यात फकिराची बायको सखाबाई रांगेतून पुढे गेली. तिच्या मुठीत एक बिल्ला होता. बाबूलालने तो झडप घालून घेतला, नंबर पाहिला आणि भोंग्यावर आवाज चढवला.

"नंबर सत्तावीस! पाहा लोकहो, फलकाकडे पाहा! हिरवा! ही माय आली तेव्हा उभी राहू शकत नव्हती! आज कशी टुणटुणीत! बोल माय, कसं वाटते?"

टाळ्या पडल्या. सखाबाई गोंधळली.

"मले काय वाटन बाप्पा? बिल्ला माहा नोहोय. माह्या नणदेचा हाय, बायाबाईचा. ते मेली ना. पंधरवडा झाला. देवाची वस्तू घरात कायले ठेवाची, म्हणून वापस कराले आली."

भोंगा चालूच होता. तिचे शब्द पार शेवटच्या बैलगाडीपर्यंत पोचले.

बाबांनी डोळे उघडले. "मुक्ती!" ते म्हणाले. "देह सुटला, रोगबी सुटला. फलक खोटं बोलत नाही."

काही माना डोलल्याही. माणसाला डोलायला फार कारण लागत नाही. पण फकिरा उठला होता.

"बाबा, माहा दिवा हिरवा होईन तं तो कोणता? जगल्याचा का मेल्याचा?"

गुरुजींनी तेवढ्यात पाटीमागचा काळा पडदा ओढला. मागे बटणांच्या रांगा होत्या. वर खटका दाबला की लाल, खाली दाबला की हिरवा.

"बाबूलाल, कोणाचा दिवा कवा हिरवा कराचा, हे कसं ठरवतेस गा?"

बाबूलाल बाबांकडे पाहू लागला. बाबांना पुन्हा समाधी लागली होती, या खेपेला वीज असताना.

"दोन गुरुवार जो आला नाही," बाबूलाल पुटपुटला, "तो बरा झाला असं धरतो जी."

एवढंच गणित होतं. न येणारा म्हणजे बरा. त्यात कंटाळून घरी बसलेले होते, खाटेवरून उठता न येणारे होते, गुपचूप दवाखान्यात गेलेले होते आणि बायाबाई होती. जो रोगी इमानाने दर गुरुवारी येई, त्याचा दिवा मात्र लालच राही.

सखाबाईने नवऱ्याच्या गळ्यातला दोरा तोडला. "चाला," ती म्हणाली, "पवनीची गाडी निघून जाईन."

बाबांनी आठवड्यात मुक्काम हलवला. दिघोरीकडे तीच पाटी पुन्हा उभी राहिली. जाऊन आलेल्यांनी सांगितलं की तिथे फकिराचा नंबरही हिरवा लागला आहे. दोन गुरुवार तो आला नव्हता ना! तेव्हा फकिरा दवाखान्याच्या ओसरीवर दंडात सुई टोचून घेत, बाबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

उजळलेला दिवा आणि वर जाणारी रेघ पाहिली की हात जोडावेसे वाटतात. जोडण्याआधी एवढंच विचारा, खटका कोणाच्या हातात आहे? आणि जो परत आला नाही, त्याच्या घरी एकदा जाऊन या.