तिसरा पडदा

मी बेचाळीस वर्षांची आहे, माझं लग्न झालेलं नाही आणि माझे डोळे शाबूत आहेत. पहिल्या दोन गोष्टी आमच्या लिटल मार्डनमध्ये सगळ्यांना पाठ आहेत. तिसरीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

त्या जूनमध्ये, बोनापार्टला बेटावर नेऊन ठेवल्याच्या घंटा अजून वाजत होत्या तेव्हा, सर बार्नबी ओकशॉट यांच्या हवेलीतून तपकिरीची सोन्याची डबी नाहीशी झाली. आळ आला केझाया प्लम या मोलकरणीवर. पोर एकोणीस वर्षांची. आधी सहा वर्षं ती माझ्याकडे होती, आणि तिच्या प्रामाणिकपणाचं शिफारसपत्र मीच लिहून तिला त्या हवेलीत पाठवलं होतं. मालकाच्या घरातून सोनं चोरलं तर फाशी. न्यायाधीश दयाळू निघाला तर सात वर्षं समुद्रापार, ऑस्ट्रेलियातल्या बॉटनी बेच्या कैदी वसाहतीत. त्या पत्राचा कागद मला रात्रंदिवस डोळ्यांसमोर दिसत होता.

सर बार्नबी हेच आमच्या भागाचे मॅजिस्ट्रेट. म्हणजे डबी त्यांची, साक्षीदार त्यांचा मुलगा, आणि शुक्रवारी सकाळी केझायाला जिल्ह्याच्या तुरुंगात धाडायचं की नाही हे ठरवणारेही तेच. मुलगा कॅप्टन लुशियस दोन वर्षांनी लढाईवरून सोमवारी परतला होता. डबी गेली मंगळवारी. या दोन वारांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं गावात कुणाच्याही मनात आलं नाही.

कॅप्टनची साक्ष पाद्री मिस्टर पॉबजॉय यांनी लिहून घेतली होती, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. चहाच्या दुसऱ्या कपाला त्यांनी मला सगळं सांगितलं. मंगळवारी भर दुपारी कॅप्टन बागेत नाशपातीच्या झाडाखाली उभा होता, आणि तिथून त्याने जेवणाच्या दालनाच्या खिडकीतून केझायाला डबी ॲप्रनखाली लपवताना पाहिलं. बिचाऱ्या केझायाला हे माहीतच नव्हतं. आपल्याविरुद्ध कोण काय बोललं हे आरोपीला आधी सांगायची रीत नाही.

बुधवारी मी माळ्याकडे पुदिन्याचं रोप मागायच्या निमित्ताने त्या बागेत गेले आणि नाशपातीखाली उभी राहिले. स्वयंपाकघराची भिंत मध्ये येते, त्यामुळे तिथून दालनाच्या तीन खिडक्यांपैकी एकच दिसते, कडेची. ऊन थेट तिच्यावर पडलं होतं, पण काच चमकेना. जवळ जाऊन नखाने खरवडलं तर काळा रंग निघाला आणि आत वीट.

खिडक्यांवरचा कर वाढल्यापासून अर्ध्या परगण्याने हेच केलंय. खिडकी विटांनी बुजवायची आणि घर गरीब दिसू नये म्हणून बाहेरून काळी काच आणि पांढऱ्या पट्ट्या रंगवायच्या. आतले पडदे तसेच लटकत ठेवायचे. हे काम मागल्या वर्षी झालं, तेव्हा कॅप्टन स्पेनमध्ये होता. भिंतीतून पाहणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

मी तडक सर बार्नबींकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं आणि मी "खिडकी" म्हणताच खिडक्यांचं सगळं कारभारी पाहतो असं सांगितलं. मी पुन्हा सुरुवात केली. त्यांनी पुन्हा तोडलं. मी कादंबऱ्या फार वाचते, ऊन लागलंय, समुद्रस्नानाने माझ्यासारख्या एकट्या बायकांना बरं वाटतं, असं त्यांचं मत पडलं. मी बाहेर आले तेव्हा माझ्या हातात पुदिन्याचं रोप होतं आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मग पॉबजॉय. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि योग्य वेळी विषय काढतो म्हणाले. चर्चमधली त्यांची जागा सर बार्नबींच्या मर्जीची आहे, तेव्हा ती योग्य वेळ शुक्रवारच्या आधी येणार नव्हती. मग हवेलीतला बटलर ग्रिंबल. त्याला ती भिंत पक्की ठाऊक होती, गवंड्यांना बिअर त्यानेच दिली होती. तो चांदीचा चमचा पुसत राहिला आणि आपण काही पाहिलं नाही म्हणाला. त्या दोन दिवसांत मी इतक्या वेळा दात आवळले की जबडा दुखायला लागला.

गुरुवारी हवेलीत जेवण होतं. पंगतीत एक बाई कमी पडत होती म्हणून मला बोलावलं होतं. जेवण पाचला, पश्चिमेचं ऊन नको म्हणून तिन्ही पडदे ओढलेले. मला टेबलाच्या पार टोकाला एका बहिऱ्या कर्नलशेजारी बसवलं होतं. दोनदा मी मोठ्याने बोलायला गेले, दोनदा लेडी ओकशॉटनी मटणावरून विषय काढला. मी मुकाट्याने पडदे पाहत बसले. दोन पडद्यांच्या कडांनी ऊन आत येत होतं. तिसऱ्याच्या कडेला नुसती सावली होती.

मग टेबलक्लॉथ काढला, फळं आली, आणि लेडी ओकशॉट उठल्या. त्यांच्याबरोबर सगळ्या बायका उठल्या. आमच्याकडे असंच असतं. बायका कॉफीला जातात, पुरुष पोर्ट वाइनची बाटली फिरवतात, आणि जे काही ठरायचं ते त्या बाटलीपाशी ठरतं. केझायाचंही तिथेच ठरणार होतं.

मी उठले नाही.

"मिस टेंच, चला ना. कॉफी निवेल," लेडी ओकशॉट दारातून म्हणाल्या.

"निवू दे."

सर बार्नबींनी बाटली खाली ठेवली. "बाई, बरं नाही का तुम्हाला?"

"उकडतंय, सर. कॅप्टन, तेवढी खिडकी उघडता का?"

कॅप्टन अदबीने उठला. माणूस दिसायला देखणा, वागायला गोड. तो जवळच्या खिडकीकडे वळला.

"ती नको, ऊन येईल," मी म्हणाले. "ती कडेची. नाशपातीकडची."

त्याने तिसरा पडदा ओढला. मागे चुन्याची पांढरी भिंत होती. कॅप्टन पडदा हातात धरून तसाच उभा राहिला.

"उघडा की," मी म्हणाले. "मंगळवारी तुम्हाला तिच्यातून अगदी स्वच्छ दिसलं होतं."

सर बार्नबींनी भिंतीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती भिंत मीच बांधली होती.

"बायकांनी आता बाहेर जावं," ते म्हणाले.

"केझायाच्या सुटकेचा कागद लिहा, की निघालेच."

त्यांनी पंगतीत बसलेल्या पॉबजॉयना खूण केली. पाद्रीबुवा उठले, भिंतीपाशी गेले आणि बोटांनी तीनदा टकटक केलं. "भिंत आहे, सर," ते म्हणाले. तेव्हा कुठे ती भिंत झाली. दोन दिवस मी घसा कोरडा केला होता, आणि यांच्या तीन टिचक्यांत काम झालं. कागद आला, शाई आली.

शुक्रवारी सकाळपर्यंत गावात कळलं की डबी साइडबोर्डमागे पडली होती आणि सर बार्नबींनी स्वतः वाकून ती शोधली. कॅप्टनची उन्हामुळे नजर चुकली म्हणे. तो बाथ शहराला निघूनही गेला होता. डबी मात्र आजपर्यंत कुणी पाहिलेली नाही.

मी केझायाला गावच्या कोठडीतून घेऊन माझ्या घराकडे वळले, तर ती हवेलीच्या वाटेला लागली. "सरांचे आभार मानायला हवेत," ती म्हणाली.

"त्यांचे? अगं, त्यांनी तुला फासावर चढवलं असतं!"

"ठाऊक आहे, मॅडम." तिचे डोळे सुजले होते, पण आवाज शांत होता. "पण शेवटच्या मालकाचं शिफारसपत्र नसलं तर मला कोण ठेवणार? तुमच्याकडे मार्था आहे. आणि तुमचं पत्र... लोक विचारतात, मॅडम, की या बाई कोण."

मी तिच्याबरोबर गेले.

सर बार्नबी पायऱ्यांवर भेटले. केझायाने गुडघे वाकवून, मान खाली घालून आभार मानले. ते प्रसन्नपणे हसले. मग माझ्याकडे पाहत उभे राहिले. तिचं शिफारसपत्र त्यांच्या हातात होतं, लिहून घडी केलेलं, आणि ते पुढे करत नव्हते.

मीही गुडघे वाकवले. "आभारी आहे, सर," मी म्हणाले, आणि त्यांनी पत्र केझायाला दिलं.